बोलक्या भिंती : लेखांक ७ – भिंतीवर कोण दिसतं?

गेल्या आठवड्यात आपण भिंतीचा गिलावा आणि रंग पाहिले. आता त्याहून अवघड काम : भिंतीवर माणसं कोणती काढायची?

भिवापूर तालुक्यातल्या गावांत वस्त्या जातवार वेगळ्या. पोरं मात्र शाळेत एकाच पटावर येतात. म्हणून एकोप्याचं चित्र काढायला शाळेच्या भिंतीसारखी जागा नाही. पण बहुतेक ठिकाणी पेंटर चार धर्मांची चार मुलं हात धरून उभी करतो. चित्र वाईट नसतं, पण गावात खरी दरी जातीची, आणि तीच त्यात नसते.

आपल्या जिल्ह्याला यात चांगला वारसा आहे. ई. झेड. खोब्रागडे नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी असताना २००५ साली शाळांमधून संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. केंद्राने संविधान दिन जाहीर केला तो त्यानंतर दहा वर्षांनी. उद्देशिकेतला ‘बंधुता’ हा शब्द अशा रीतीने शाळेत आधीच पोचलेला आहे. त्याला आता गावातले चेहरे हवेत.

ते कोणी ठरवायचे? सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलची हकिगत इथे फार उपयोगी आहे. १९३६ मध्ये व्हिक्टर अर्नाटॉफ यांनी तिथे वॉशिंग्टनच्या आयुष्याची भित्तिचित्रं काढली. वॉशिंग्टनच्या मळ्यात राबणारे गुलाम आणि मरून पडलेला मूळनिवासी त्यांनी लपवला नाही. हेतू टीकेचाच होता. तरी कृष्णवर्णीय मुलांना रोज जिन्यात आपली माणसं फक्त राबताना दिसत, आणि १९६० च्या दशकाअखेरीस त्यांनी आवाज उठवला. तेव्हा ड्युई क्रम्पलर या तरुण कृष्णवर्णीय चित्रकाराने १९७४ मध्ये त्याच शाळेत उत्तरादाखल नवी चित्रं रंगवली : आफ्रिकी, आशियाई, लॅटिन आणि मूळनिवासी समाजांची, त्यांच्या लढ्यांची आणि उमेदीची. पुढे २०१९ मध्ये शाळा मंडळाने जुनी चित्रं झाकायचं ठरवलं, तेव्हा विरोध करणाऱ्यांत क्रम्पलरही होते. मला हा माणूस फार मोठा वाटतो. चित्रं झाकण्याचा निर्णय २०२२ मध्ये मागे घेतला गेला.

एका समाजाची माणसं फक्त राबताना दाखवण्याची चूक आपल्याकडेही होऊ शकते. मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडणारी बाई भिंतीवर जरूर यावी; तिची बोटं दिवसभर जळतात, ते गावाने पाहावं. पण एका वस्तीची माणसं फक्त खुडताना आणि दुसरीची फक्त खुर्चीवर, असं होता कामा नये. म्हणून पेंटरला बोलावण्याआधी गोंड, माना, बौद्ध, कुणबी, तेली, मुसलमान, सगळ्या घरांतल्या पोरांनी कच्ची चित्रं काढावीत. रंगवताना गट वस्तीप्रमाणे नकोत, हजेरीच्या क्रमाने पाडावेत. रंगाचे डबे आणि ब्रश धुण्याची बादली सगळ्यांत एकच असावी. आणि भिंतीचा हातभर तुकडा मुद्दाम कोरा सोडावा. पुढच्या वर्गाला या चित्रात काही खटकलं, तर त्यांचं उत्तर तिथे रंगवता येईल.