रोबोची शस्त्रक्रिया : कर्ता, करण आणि खर्च

'रोबोने अंतर्गळाची शस्त्रक्रिया केली' हे वाक्य अलीकडे पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात वरचेवर कानी पडते. भाषेच्या अभ्यासकाने या वाक्यापाशी थोडे थांबावे. 'रामाने चाकूने फळ कापले' या वाक्यात कर्ता आणि करण या दोहोंनाही मराठीत एकच 'ने' प्रत्यय लागतो. कापणारा कोण आणि साधन कोणते, हे आपण अर्थावरून ओळखतो. पहिल्या वाक्यातील 'ने' मात्र कर्त्याचा की करणाचा, हे अर्थावरूनही उलगडत नाही. चाकणच्या कामगाराला तो कर्त्याचाच वाटावा, हे स्वाभाविक आहे. कारण मोटारीच्या कारखान्यात वेल्डिंग करणारे यांत्रिक बाहू त्याने पाहिलेले असतात, आणि ते बाहू आखून दिलेल्या क्रमाने, माणसाच्या हाताशिवाय, काम करीत राहतात.

शस्त्रक्रियागृहातील रोबो तसा नव्हे. शल्यचिकित्सक रुग्णापासून काही अंतरावर बसून पोटातील त्रिमित चित्र पाहतो आणि हातांनी यंत्र चालवितो. त्याच्या बोटांच्या हालचाली मनगटासारखी वळणारी बारीक हत्यारे पोटात हुबेहूब करतात. अमेरिकेत 2000 साली मान्यता मिळालेले 'दा विंची' हे यंत्र याच जातीचे. ते स्वतःहून एकही टाका घालीत नाही. कारेल चापेक या चेक नाटककाराच्या 1920 सालच्या नाटकातून 'रोबो' हा शब्द जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या शब्दाचा अर्थ वेठ. परक्या इच्छेनेच हालणारे हे यंत्र त्या मूळ अर्थाला अधिक जवळचे आहे, असे म्हणावयास हरकत नाही. सारांश, येथील 'ने' करणाचा आहे.

हे ध्यानी घेतले म्हणजे खरा प्रश्न नीट मांडता येतो : तोच शल्यचिकित्सक, तीच जाळी, साधन मात्र महाग, तर रुग्णाच्या पदरी अधिक काय पडते? अंतर्गळ म्हणजे उदरभित्तीच्या दुबळ्या जागेतून आतडे किंवा चरबी बाहेर येणे. जांघेतील अंतर्गळ पुरुषांत फार आढळतो. ती जागा एक छेद देऊन, दुर्बिणीने अथवा रोबोच्या साहाय्याने जाळी बसवून बळकट करतात. यांपैकी छेदाची शस्त्रक्रिया जांघेपुरती भूल देऊनही होऊ शकते. उरलेल्या दोन्ही पद्धतींना सामान्यतः पूर्ण भूल लागते.

अमेरिकेतील सहा केंद्रांत 102 रुग्णांवर झालेली एक तुलना 2020 साली प्रसिद्ध झाली. जांघेच्या अंतर्गळासाठी दुर्बीण व रोबो यांच्या परिणामांत 30 दिवसांअखेर उल्लेखनीय फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेचा मध्यक वेळ मात्र दुर्बिणीने सुमारे 40 मिनिटे, तर रोबोने सुमारे 75 मिनिटे असा होता. आणि मध्यक खर्च 1,421 डॉलरांऐवजी 3,258 डॉलर. पोटाच्या पुढील भागातील अंतर्गळाविषयी त्याच वर्षी 124 रुग्णांची जी तुलना प्रसिद्ध झाली तिचाही कल असाच : 77 मिनिटांच्या जागी 141 मिनिटे, आणि रुग्णालयातील मुक्कामाचे दिवस सारखेच. असे असूनही मिशिगन राज्यात 2012 साली जांघेच्या अंतर्गळाच्या 0.7 टक्के शस्त्रक्रिया रोबोने होत, त्या 2018 पर्यंत 28.8 टक्के झाल्या. पुराव्यापेक्षा शब्दाची कीर्ती पुढे धावली, असे मला वाटते.

मोठ्या व गुंतागुंतीच्या उदर-अंतर्गळाची गोष्ट थोडी निराळी. तेथे मोठा छेद टळल्याने मुक्काम एखाद्या दिवसाने कमी होतो, असे जुन्या नोंदींच्या तुलनेतून दिसले आहे. परंतु अशा तुलनेत रुग्णांची निवड समान नसते, ही मर्यादा विसरू नये.

खर्चाची कारणे उघड आहेत. यंत्राची किंमत व देखभाल तर आहेच. शिवाय 'दा विंची'च्या हत्यारांत वापर मोजणारी चिप असते, आणि ठरलेले वापर संपले की हत्यार धड असले तरी टाकून द्यावे लागते.

याउलट, अंतर्गळाचा खर्च उतरविण्याचे दोन मोठे प्रयत्न महाराष्ट्रातच झाले, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असते. पुण्याच्या डॉ. मोहन देसर्डा यांनी जाळीऐवजी रुग्णाच्याच स्नायुपटलाची पट्टी वापरण्याची रीत 2001 साली प्रसिद्ध केली. पोलंडमध्ये 208 पुरुषांवर तिची जाळीच्या रूढ पद्धतीशी तुलना झाली, तेव्हा तीन वर्षांत दोन्ही गटांत प्रत्येकी दोनच पुनरुद्भव आढळले. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळी म्हणून वापरले. अशाच स्वस्त जाळीची युगांडात 302 पुरुषांवर परीक्षा झाली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षअखेर स्वस्त जाळीच्या गटात एक पुनरुद्भव आढळला, महाग जाळीच्या गटात एकही नाही. हा फरक सांख्यिकीच्या दृष्टीने नगण्य ठरला.

आता चाकणच्या त्या कामगाराकडे वळू. ईएसआय योजनेत त्याचे नाव असेल, तर चिंचवडच्या मोहननगर येथील रुग्णालयाची वाट त्याला मोकळी आहे, आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या 70 टक्के भत्ताही मिळू शकतो. परंतु 2017 पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा 21,000 रुपये ठरविण्यात आली. तिच्या थोडे वर वेतन असणाऱ्याने योजनेत प्रवेशच केलेला नसेल, तर त्याला खाजगी विमा अथवा कर्ज यांचाही विचार करावा लागू शकतो. अशा माणसाला 'रोबोने करू या का?' असे विचारले जाते, तेव्हा त्याने उलट विचारावयाचे प्रश्न तीन : हत्यार धरणारा कोण, त्याने अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, आणि तोच शल्यचिकित्सक दुर्बिणीने अथवा छेद देऊन हेच काम किती रुपयांत करील?