जुना मोबाईल : वापरावा कुठवर, बदलावा केव्हा?

संघटनेच्या कचेरीत पूर्वी माणसे येत ती पगाराचा, बोनसचा, नाही तर निलंबनाचा कागद हाती घेऊन. अलीकडे निम्मी माणसे मोबाईल पुढे करतात. "भाऊ, हा चालून नाही राहिला जी. ठेवू का टाकू?" विचारणारी कधी अंगणवाडी सेविका असते, कधी गावचा रोजगारसेवक, तर कधी पोराने शहरातून धाडलेला फोन घेऊन आलेला निवृत्त खाणकामगार. आम्ही यंत्रविद्येचे पदवीधर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे कळले ते वाचनालयात आणि दुरुस्तीवाल्याच्या बाकड्यावर बसून कळले. तथापि हाच प्रश्न इतक्यांदा कानांवर आला, की त्याचा नीट उलगडा करून सांगणे आम्हांला आमच्या कामाचाच भाग वाटू लागले आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मोबाईल हा बैलासारखा सर्वांगाने म्हातारा होत नाही. त्याची बॅटरी एका वेगाने थकते, स्मरणशक्ती दुसऱ्या वेगाने अपुरी पडते, आतली आज्ञावली तिसऱ्याच कारणाने मागासते, आणि बाहेरचे जाळे तर फोनला न विचारताच बदलते. यांपैकी नेमके काय बिघडले हे न पाहता नवा फोन घेणे म्हणजे चाक पंक्चर झाले म्हणून सायकल विकण्यासारखे आहे.

आपल्याकडे सर्वांत आधी मान टाकते ती बॅटरी, आणि त्याला आपले ऊनही कारण आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर जातो हे येथे कुणाला सांगायला नको. मोबाईलच्या बॅटरीत लिथियमचे सूक्ष्म कण भरताना एका पट्टीकडून दुसरीकडे जातात आणि वापरताना परत येतात. प्रत्येक फेरीत त्यांतले थोडे एका पट्टीवर धरणाऱ्या पापुद्र्यात अडकून बसतात. ते कायमचे गेले. उष्णता ही झीज भराभर वाढवते. साध्या फोनात सुमारे पाचशे पूर्ण फेऱ्यांनंतर मूळ शक्तीच्या चारपंचमांश उरते असे धरून चालतात. पण तो हिशेब थंड खोलीतला. टिनाच्या छपराखाली भर दुपारी चार्जिंगला लावलेला किंवा मोटारसायकलच्या हँडलवर उन्हात टांगलेला फोन त्याआधीच थकणार. म्हणून मे महिन्यात फोन पहाटे किंवा रात्री उशिरा भरावा, उशीखाली ठेवून भरू नये, आणि गरम झाला असल्यास आधी निवू द्यावा.

बॅटरी पूर्ण संपल्यावाचून पुन्हा भरू नये, ही समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. ती जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियमला उलट अर्धपोटी राहणे मानवते. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ न देणे आणि रोज शंभरावर न नेणे उत्तम. रात्रभर लावून ठेवला तर फोन फुटतो असे नाही. भरल्यावर तो आपणहून वीज घेणे थांबवतो. मात्र भरलेल्या पोटी आणि गरम अवस्थेत तासन्‌तास राहिल्याने त्याचे आयुष्य घटते. फोनची पाठ फुगलेली दिसली तर मात्र चालढकल करू नये. तो भरणे बंद करावे, टोचू-दाबू नये आणि बॅटरी बदलून घ्यावी. अस्सल बॅटरी नव्या फोनच्या किमतीच्या मानाने स्वस्तच पडते. आमच्या अनुभवात "फोन गेला" म्हणून आलेल्यांपैकी पुष्कळांचे काम एवढ्यावर भागले.

दुसरी तक्रार, फोन अडकतो. येथे दोन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते. दुकानदार 'दोन जीबी', 'बत्तीस जीबी' असे आकडे सांगतो. त्यांतला लहान आकडा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, मोठा म्हणजे धान्याची कोठी. कोठी भरली तर ती रिकामी करता येते. गटागटांतून येणारी सुप्रभाताची चित्रे आणि लग्नाची चलच्चित्रे पुसून टाकली, की फोनला श्वास घ्यायला जागा होते. काही जागा मोकळी असल्याशिवाय तो नीट चालतच नाही. परंतु ओटाच लहान असेल तर काय करणार? तो वाढवता येत नाही. कार्ड घातल्याने कोठी मोठी होते, ओटा नव्हे. आणि कार्यक्रम लिहिणारे लोक मोठ्या शहरांतले, नव्या फोनांवर काम करणारे. त्यांना दर वर्षी मोठा ओटा मिळतो म्हणून त्यांचा पसाराही दर वर्षी वाढतो. दोन जीबीच्या फोनची खरी शोकांतिका ही आहे. त्याचा एकही खिळा ढिला झालेला नसतो, काम तेवढे त्याच्या हाताबाहेर गेलेले असते.

हे पुस्तकी बोलणे नव्हे. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ते राज्यभर दाखवून दिले आहे. ८ मार्च २०१८ रोजी केंद्र सरकारने पोषण अभियान सुरू केले आणि पुढे सेविकांच्या रजिस्टरांच्या जागी सरकारी स्मार्टफोन आले. ते दोन जीबीचे. आरंभी त्यांवर एक कार्यक्रम होता; १ मार्च २०२१ पासून त्याच्या जागी 'पोषण ट्रॅकर' आला. मुलांची उंची, वजन, आहारवाटप, गरोदर माता, सारे त्यात भरायचे. फोन तापू लागले, मध्येच थांबू लागले, कोठी पुरेना; हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या पदरात पडू लागला; शिवाय कार्यक्रमाची भाषा इंग्रजी. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यात ठिकठिकाणी सेविकांनी प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. काम नाकारले नाही, हत्यार परत केले. हा फरक शहरातल्या सुशिक्षितांच्याही लवकर ध्यानात आला नाही. "बायांना फोन वापरता येत नाही" असे बोलणारे आम्ही पुष्कळ ऐकले. वापरता येत होता म्हणूनच तो कुठे अडतो हे त्यांना बिनचूक सांगता आले.

४ डिसेंबर २०२३ ला सुरू झालेल्या सेविकांच्या राज्यव्यापी संपात मानधन आणि ग्रॅच्युइटीबरोबर नव्या मोबाईलची मागणीही होती. त्याच वर्षीच्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचे मानधन ८,३२५ रुपयांवरून १०,००० वर नेले होते. म्हणजे बाजारातला दहा हजारांचा फोन स्वतः घ्यायचा तर पूर्ण एक महिना फुकट राबणे आले. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाच्या आहारासाठी लाभार्थीचा चेहरा फोनने ओळखण्याची पद्धत सक्तीची झाली. चेहरा ओळखायचा तर कॅमेरा चांगला हवा, ओटा मोठा हवा आणि जाळेही हवे. भामरागड किंवा एटापल्ली तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर या तिन्हींपैकी एक जरी नसले, तर अडून राहतो तो आहार, आणि बोलणी खाते ती सेविका. रोजगार हमीच्या कामांवरही १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा छायाचित्र घेऊन फोनवरच हजेरी सक्तीची झाली होती. छायाचित्र चढले नाही तर मजुरी धोक्यात.

कोळसा खाणीतले उदाहरण येथे द्यावेसे वाटते. बल्लारपूर किंवा माजरीचा खाणकामगार पाळीला जाताना बत्तीघरातून डोक्यावरचा दिवा घेतो आणि वर आल्यावर तेथेच ठेवतो. दिवा खाणीचा, त्याची बॅटरी भरणे खाणीकडे, बिघडला तर दुरुस्तीही खाणीकडे. तुझा दिवा तू घरून आण, असे त्याला कुणी सांगत नाही. इंग्लंडात एके काळी खाणकामगाराला सुरुंगाची दारू व मेणबत्त्या आपल्या मजुरीतून घ्याव्या लागत. ती चाल मोडायला संघटनांना बराच काळ झगडावे लागले. ज्या फोनशिवाय काम नोंदलेच जात नाही तो फोन म्हणजे त्या कामाचा दिवाच आहे. म्हणून सेविका आम्हांला "फोन बदलू का?" असे विचारते, तेव्हा आम्ही तिला आधी विचारतो, "ताई, हा घरचा की कामाचा?" कामाचा असेल तर बिघाड तारखेनिशी लेखी कळवावा आणि पोच घ्यावी. फोनवर काय दिसते त्याचे छायाचित्र दुसऱ्या फोनने काढून अर्जाला जोडावे. तोंडी तक्रार ही वाऱ्यावरची वरात.

आता घरच्या फोनाकडे वळू. त्यात आज्ञावलीचा प्रश्न फसवा असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. अँड्रॉईड ही आज्ञावली गूगल तयार करते. पण ती प्रत्येक फोनला बसवून देणे फोन बनवणाऱ्याच्या हाती. आतल्या चकतीच्या कारखानदाराचीही त्याला साथ लागते. स्वस्त फोनला बहुधा दोन-तीन वर्षांनी हे लक्ष देणे बंद होते. फोन चालत राहतो, पण चोरवाटा उघड्या पडत जातात. दोनचार वर्षांपूर्वी काही कंपन्यांनी आपल्या महागड्या फोनांना सात वर्षांचा शब्द दिला. गरिबाच्या फोनला तेवढा शब्द अजून विरळा. युरोपीय संघाने मात्र २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या फोनांसाठी नियमच केला: त्या नमुन्याची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे सुधारणा पुरवाव्यात, सुटे भाग सात वर्षे मिळावेत, आणि आठशे फेऱ्यांनंतरही बॅटरीत ऐंशी टक्के शक्ती उरावी. कायदा केला तर यंत्र टिकाऊ होते, हे यावरून दिसते. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, इतकीच सुरुवात आहे.

तेव्हा फोनच्या 'सेटिंग'मध्ये शेवटची सुरक्षा-सुधारणा कोणत्या तारखेची आहे ते पाहावे. ती दोन-तीन वर्षांमागची असेल तर त्या फोनवर बोलणे, बातम्या, छायाचित्रे खुशाल चालू द्यावीत. बँकेचा व पैशाचा व्यवहार मात्र शक्य तर दुसऱ्या फोनवर न्यावा. कुणी पाठवलेली 'एपीके' नावाची फाईल, मग ती लग्नपत्रिका म्हणून येवो की शेतकरी योजनेची यादी म्हणून, कोणत्याही फोनवर उघडू नये. जुन्यावर तर मुळीच नाही. अँड्रॉईड ४ वरचे फोन वॉट्सअ‍ॅपने सोडून दिलेच आहेत. तेथे उपाय नाही.

जाळ्याचा प्रश्न आमच्या दोन जिल्ह्यांत विशेष. जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती ४-जीचीच. तिसऱ्या पिढीचा फोन तिच्यावर बोलतच नाही. एअरटेलने आपले ३-जी २०२० पर्यंत गुंडाळले, त्यामुळे तसा फोन तेथे २-जीच्या बैलगाडीत बसतो. फोन सुस्थितीत, पण खाली रस्ताच उरला नाही, असा हा प्रकार. एप्रिल २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नक्षलग्रस्त भागांतील २,३४३ मनोरे २-जीवरून ४-जीवर नेण्यास मंजुरी दिली. भारत संचार निगमची ४-जी सेवा ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींवरही चालते. या लहरी लांब पोचतात आणि झाडीतून वाट काढतात; पण जुन्या फोनांपैकी कित्येकांना त्या ऐकूच येत नाहीत. धानोरा, कोरची, सिरोंचाकडे राहणाऱ्याने फोन घेताना कॅमेऱ्याचे आकडे मागाहून पाहावेत, आधी 'बँड २८ आहे काय' हे विचारावे. शिवाय जेथे जाळे येते-जाते तेथे फोन सतत मनोरा शोधत राहतो आणि बॅटरी खातो. जंगलात तेंदू तोडायला जाताना विमानाची खूण दाबून ठेवली तर तोच फोन संध्याकाळपर्यंत टिकतो.

वापरलेला फोन विकत घेणे कमीपणाचे नाही; आमचा स्वतःचा तसाच आहे. फक्त तो चोरीचा नाही हे पाहावे. *#०६# दाबले की पंधरा अंकी क्रमांक दिसतो. केवायएम ही इंग्रजी अक्षरे, एक मोकळी जागा आणि तो क्रमांक लिहून १४४२२ वर संदेश पाठवला, की तो फोन कोणत्या कंपनीचा व कोणता नमुना, आणि वापरास योग्य आहे की रोखलेला, ते कळते. पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याच्या हातूनच त्याचे गूगल खाते काढवून, फोन कोरा करून, पुन्हा चालू करून दाखवायला सांगावे. खाते तसेच राहिले तर कोरा केलेला फोनही जुन्या मालकाचा संकेतशब्द मागतो आणि विटेसारखा पडून राहतो. पावती घ्यावी.

आणि अखेर टाकायचाच झाला तर? आधी छायाचित्रे व नावे दुसरीकडे उतरवावीत, बँकेचे कार्यक्रम काढावेत, सिम व कार्ड काढून घ्यावे, मग फोन कोरा करावा. बॅटरी गेली तरी बाकीचा फोन बहुधा जिवंत असतो. तारेला लावून ठेवला तर तो पोरांच्या अभ्यासाला नाही तर आकाशवाणी ऐकायला चालतो, मात्र फुगलेली बॅटरी आत ठेवून नव्हे. मेलेला फोन उकिरड्यावर, बोडीत किंवा जाळात टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी तो गोळा करवून मार्गी लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर ठेवली आहे. दुकानात नेऊन "हा परत घ्या" असे विचारावे. नाही म्हणाले तर तो कोरड्या डब्यात ठेवावा, आणि तालुक्याला ई-कचरा गोळा करणारे आले की त्यांच्या स्वाधीन करावा.