मैदान कुणाचं?

कबड्डीच्या सामन्याआधी खेळाडूंचं वजन का करतात, ठाऊक आहे? मोठ्या स्त्रियांच्या संघात 75 किलोपेक्षा जास्त वजनाची खेळाडू चालत नाही. पुरुषांसाठी ही मर्यादा 85 किलो आहे. कुस्तीतही वजनी गट असतात. कारण सोपं आहे. या खेळांत अंगाला अंग भिडतं. घोटा पकडला, साखळीनं ओढलं की हलका गडी आपटणारच! म्हणून जोडीला जोड हवी.

आता एक अवघड प्रश्न बघा. एखाद्याची जन्मताना मुलगा म्हणून नोंद झाली. पण आपण मुलगी आहोत, असं मनातून पक्कं वाटतं आणि पुढे ती व्यक्ती स्त्री म्हणून जगू लागते. अशा व्यक्तीला ट्रान्सजेंडर किंवा पारलिंगी स्त्री म्हणतात. तिनं स्त्रियांच्या संघात खेळावं का?

हा प्रश्न आपल्या मराठी घरातही आलाय बरं का! मूळचे बीडचे कसोटीपटू संजय बांगर यांची मुलगी अनाया आधी मुलांच्या संघातून क्रिकेट खेळायची. आपण उपचार घेऊन स्त्री म्हणून जगतो आहोत, हे तिनं 2024 मध्ये जाहीर केलं. पण आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनं 2023 मध्येच नियम केला होता, की ज्यांचं शरीर पुरुष म्हणून वयात आलं, त्यांना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत खेळता येणार नाही. अनायानं 2025 मध्ये आपल्या ताकदीच्या चाचण्या करून घेतल्या आणि या नियमाचा फेरविचार करा, असं आवाहन केलं.

नियम करणाऱ्यांचं म्हणणं काय? लहानपणी मुलामुलींच्या ताकदीत फारसा फरक नसतो. पाचवीतली मुलगी मुलांना सहज मागं टाकते! वयात आल्यावर मात्र टेस्टोस्टेरॉन नावाच्या संप्रेरकामुळं मुलांची हाडं लांब होतात, स्नायू भरतात. 100 मीटर धावण्याचा पुरुषांचा जागतिक विक्रम 9.58 सेकंदांचा आहे, स्त्रियांचा 10.49 सेकंदांचा. ठोशाच्या जोरात तर सरासरीनं दुपटीहून जास्त फरक आढळलाय. उपचारांनी ताकद थोडी कमी होते, पण उंची आणि हाडं तशीच राहतात. रग्बीत तर टकरीनं डोक्याला, मानेला इजा होते. म्हणून 2020 मध्ये रग्बीच्या जागतिक संघटनेनं पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतून वगळलं.

दुसरी बाजूही ऐका. अशा खेळाडू मोजक्याच आहेत. त्यांच्यावर झालेला अभ्यासही थोडाच आहे. आणि प्रत्येकीचं शरीर सारखं नसतं. मग सगळ्यांना एकाच काठीनं का हाकायचं, असं त्या विचारतात. हा प्रश्न चुकीचा नाही.

तरीही मला वाटतं, जिथं अंग भिडतं तिथं मोठ्यांच्या स्पर्धेत आधी सुरक्षितता बघावी. आपल्या रावेर तालुक्यातली एखादी मुलगी रोज पहाटे उठून कबड्डीचा सराव करत असेल, तर तिला बरोबरीची जोड मिळायला हवी.

पण नियम म्हणजे अपमान नव्हे! तमिळनाडूच्या शांती सौंदराजननं 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरमध्ये रौप्यपदक जिंकलं. ती पारलिंगी नव्हती. मुलगी म्हणूनच वाढलेली. लिंगचाचणीनंतर तिचं पदक काढून घेतलं आणि सगळीकडं गवगवा झाला. केवढं दुःख झालं असेल तिला! तपासणी करायचीच तर ती डॉक्टरांनी, गुपचूप आणि मानानं करावी.

ज्यांना एका संघात जागा नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट काढता येते. केरळमध्ये 2017 साली पारलिंगी खेळाडूंसाठी खास क्रीडास्पर्धा झाली. आपल्याकडंही होऊ शकते की!

पालकांनाही एक विनंती. शाळेच्या मैदानावर केस कापलेली दणकट मुलगी किंवा नाजूक चालीचा मुलगा दिसला, तर 'हा कोण, ही कोण' अशी कुजबुज करू नका. मुलं तुमचंच ऐकून चिडवायला शिकतात.

आणि मुलांनो, तुम्हाला काय वाटतं? आज जेवताना घरी विषय काढा. मात्र एक अट : बोलताना कुणाची टिंगल करायची नाही!