तळेगावची बीट

मावळात गाडीची चौकशी दोन प्रश्नांनी सुरू होते: अ‍ॅव्हरेज किती देते, आणि घाटात ओढते का. 2010 च्या जानेवारीत बाजारात आलेल्या शेव्हरोले बीटजवळ या दोन्ही प्रश्नांची बरी उत्तरे होती, आणि वर ती मावळातच तयार होत होती. लोकांकडून एकेक पैसा जमवून 1908 साली काचकारखाना उभारणाऱ्या तळेगावात बरोबर शंभर वर्षांनी, सप्टेंबर 2008 मध्ये, जनरल मोटर्सचा मोटार कारखाना सुरू झाला. पहिल्यांदा स्पार्क आली, मग बीट. आज या गाडीबद्दल मालकांचे मत विचारले तर एकमेकांना छेद देणारी उत्तरे येतात. एकाला एवढी काटकसरी गाडी दुसरी सापडलेली नाही, तर दुसरा ती घेतल्याबद्दल अजून स्वतःवर चिडलेला असतो. असा मतभेद दिसला की ‘गाडी नशिबाने लागते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. बीटच्या बाबतीत नशिबाला मध्ये आणायची गरज नाही. या दोघांनी एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार केले होते, आणि दोघेही आपापल्या व्यवहाराबद्दल खरेच बोलत आहेत.

आधी तक्रारींतला हलका भाग बाजूला काढू. बीटचा जन्म प्रदर्शनातल्या नमुन्यातून झाला. 2007 मध्ये न्यूयॉर्कला जनरल मोटर्सने तीन छोट्या गाड्या मांडल्या, लोकांचा कौल मागितला, आणि बीट पुढे आली. ती आखली कंपनीच्या कोरियातल्या शाखेने. प्रदर्शनातल्या गाडीचे गुण आणि खोडी दोन्ही तिच्यात उतरले. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या कोपऱ्यात लपवलेली, त्यामुळे पहिल्यांदा बसणारा माणूस दार चाचपडत उभा राहतो. स्पीडोमीटर मोटरसायकलसारखा. मागची काच चिंचोळी, म्हणून रिव्हर्स घेताना मान मोडेपर्यंत वळवावी लागते. डिकी 170 लिटरची, म्हणजे लग्नाला निघालेल्या चौघांच्या बॅगा मांडीवर. पण हे सगळे शोरूममध्ये उभे राहून पाच मिनिटांत दिसत होते. पाहून घेतलेल्या गोष्टीबद्दल दहा वर्षांनी कुरकुर करणाऱ्याचे फार मनावर घ्यायचे कारण नाही.

खरा मुद्दा इंजिनाचा. सुरुवातीची बीट 1.2 लिटर पेट्रोलची होती; 2011 च्या जुलैत डिझेल आली आणि गाडीचे नशीब फिरले. हे डिझेल इंजिन समजून घेण्यासारखे आहे. स्विफ्टपासून इंडिका विस्टापर्यंत अनेक गाड्यांनी वापरलेले 1248 सीसीचे चार सिलिंडरचे मल्टिजेट त्या वेळी प्रत्येक मेकॅनिकच्या ओळखीचे होते. त्यातला एक सिलिंडर कमी करा: 1248 ला चाराने भागून तिनाने गुणा, उत्तर 936. बीट डिझेल 936 सीसीची होती. तीन सिलिंडर असल्याने ते थरथरते आणि उभ्या गाडीत आवाज करते, हे कोणी नाकारत नाही. पण ताकद कमी असली, जेमतेम 58 अश्वशक्तीच्या आसपास, तरी ओढ 150 न्यूटन मीटर होती आणि तीही 1750 फेऱ्यांनाच मिळत होती. पेट्रोल इंजिनाला 80 अश्वशक्ती होती. मात्र त्याची 108 न्यूटन मीटरची ओढ मिळवायला फेऱ्या 4400 पर्यंत न्याव्या लागत.

हे आकडे बोरघाटात घेऊन जा, म्हणजे कागदावर उलटसुलट वाटणारे अभिप्राय एकाच रस्त्यावर येतात. खोपोली ते लोणावळा रस्ता सुमारे साडेपाचशे मीटर चढतो. वाहतूक सुरळीत असेल तर डिझेल बीट तिसऱ्या गिअरमध्ये चौघांना घेऊन निवांत वर येते आणि पेट्रोलवाला दुसऱ्यात इंजिन किंचाळवत असतो. पण शनिवारी सकाळी मुंबईकर भुशी डॅमकडे लोटतात, घाटात गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात, आणि तिथे हेच डिझेल रडते. फेऱ्या खाली गेल्या की टर्बो झोपतो, एसी चालू असला तर अधिकच, आणि क्लच जळतो. भाज्याकडून लोहगडवाडीला जाणाऱ्या खड्या वळणांवरही तसेच. म्हणजे ‘घाटात मस्त’ म्हणणारा रोज पहाटे निघणारा असतो आणि ‘घाटात दम खाते’ म्हणणारा सुट्टीला निघणारा. खोटा कोणीच नाही.

अ‍ॅव्हरेजचेही तसेच. गाड्यांची चाचणी घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने बीट डिझेलला लिटरमागे 24 किलोमीटर दिले, पेट्रोलला 18.6. यावर नेहमीचा आक्षेप येतो, की हे आकडे प्रयोगशाळेतले. पुण्यात रोलरवर फिरवलेल्या चाकांना कामशेतचा खड्डा आणि वडगावचा सिग्नल काय माहीत? आक्षेप बरोबर आहे, पण तो दोन्ही इंजिनांना सारखाच लागू पडतो, आणि तुलना करताना आपल्याला फरकच हवा आहे. हिशेब करू. सुरुवातीच्या किमती पाहिल्या तर सर्वांत स्वस्त पेट्रोल बीट 3 लाख 34 हजारांची होती आणि सर्वांत स्वस्त डिझेल 4 लाख 29 हजारांची, शोरूमच्या दरात. फरक 95 हजार. हिशेबापुरते पेट्रोल 70 रुपये आणि डिझेल 45 रुपये धरले, तर किलोमीटरमागे पेट्रोलला पावणेचार रुपये लागतात आणि डिझेलला दोनाला थोडे कमी. वाचतात जेमतेम एक रुपया नव्वद पैसे. याचा अर्थ जादा मोजलेले 95 हजार वसूल व्हायला 50 हजार किलोमीटर पळावे लागते. लोणावळ्याहून पिंपरीला रोज कामाला जाणारा माणूस जाऊन येऊन शंभर किलोमीटरच्या आसपास पळतो. त्याचे पैसे दोन वर्षांत वसूल. तळेगावात राहून स्टेशन, बाजार आणि महिन्यातून एकदा कार्ल्याला एकवीरेच्या दर्शनाला जाणाऱ्याची वर्षाला पाच हजार किलोमीटर झाली तर डोक्यावरून पाणी. त्याला दहा वर्षे लागणार. आणि ती दहा वर्षे संपायच्या आत दोन गोष्टी घडल्या. ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर सरकारच्या हातून सुटला आणि पेट्रोल-डिझेलमधले अंतर पुढे आक्रसत गेले. दुसरी गोष्ट कंपनीची.

18 मे 2017 रोजी जनरल मोटर्सने जाहीर केले, की वर्षअखेरपासून भारतात गाड्या विकणार नाही. त्या वेळी बाजारातला त्यांचा वाटा टक्क्याच्या आसपास उरला होता. तळेगावचा कारखाना लगेच थांबला नाही, उलट डाव्या हाताच्या स्टिअरिंगची बीट मावळातून मेक्सिकोला जात राहिली. 2020 च्या डिसेंबरअखेर तीही बंद झाली. आपल्याच तालुक्यात बनणारी गाडी मेक्सिकोत नवी मिळते आणि लोणावळ्यात मिळत नाही, अशी ती तीन वर्षे होती. इथल्या मालकाच्या दृष्टीने मात्र प्रश्न अधिक साधा होता: आता ही गाडी घेणार कोण?

इथे चार समंजस आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की गाडी वापरायला घेतात, विकायला नाही. मोडेपर्यंत चालवणाऱ्याला पुनर्विक्रीच्या किमतीशी काय देणेघेणे? हे म्हणणे चाळीस लाखांच्या गाडीवाल्याला शोभते. छोट्या गाडीच्या मालकासाठी जुनी गाडी म्हणजे नव्या गाडीचा पहिला हप्ता असतो. ती रक्कम निम्म्यावर आली की पंपावर वाचवलेला रुपया-रुपया एका दिवसात परत जातो. दुसरा आक्षेप, कंपनीने वॉरंटी आणि सेवा चालू ठेवण्याचे वचन दिले होते. दिले होते, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण पार्ट आणि पार्टमध्ये फरक असतो. फिल्टर, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच प्लेट कोणत्याही बाजारात मिळते. हेडलाइट, बंपर, आरसा, दाराची ती लपवलेली मूठ हे फक्त बीटचेच. पावसाळ्यात खंडाळ्याच्या धुक्यात पुढच्याला हलकेच ठोकर बसली तर खर्च ज्या वस्तूंचा येतो त्या नेमक्या याच.

तिसरा आक्षेप सर्वांत भक्कम. कंपनी राहिली असती तरी ही गाडी राहिली नसती, कारण 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 चे नियम आले आणि छोटे डिझेल इंजिन परवडेनासे झाले. मारुतीनेही त्या वेळी डिझेल बंद केले. मग दोष कंपनीच्या जाण्याला का द्यायचा? याचे उत्तर स्विफ्ट देते. स्विफ्ट डिझेलही बंद झाली, तरी जुन्या स्विफ्ट डिझेलला गिऱ्हाईक आहे. इंजिन त्याच घराण्यातले, बीटहून एक सिलिंडर जास्त एवढेच. फरक असा, की स्विफ्टचा मालक शोरूमच्या दारात जाऊन उभा राहू शकतो. चौथा आक्षेप, हे आधी कसे कळणार? पूर्ण कळणे शक्य नव्हते, पण रस्त्यावर आपल्यासारख्या गाड्या किती दिसतात आणि वर्षागणिक वाढतात की घटतात, एवढे मोजायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. गाडी स्वस्त असेल तर तिच्यामागे उभी असलेली कंपनी हाही तिचा एक पार्टच समजावा. महाग गाडीचा मालक त्याच्याविना निभावून नेतो, स्वस्त गाडीचा नाही.

माझ्या मते बीट यंत्र म्हणून चांगली होती आणि तिच्याकडे पाहताना हे विसरले जाते. जिच्यात बिघाड नव्हता अशा गाडीला बाजाराने बिघडलेली ठरवले. याचा फायदा मात्र तिसऱ्याच कोणाला झाला. पहिल्या मालकाने सोसलेला तोटा दुसऱ्या मालकाची सवलत ठरला. कमी पैशांत लिटरला वीसच्या आसपास देणारी डिझेल गाडी सेकंड हँड घेऊन चाकणला कामाला जाणारा तरुण बीटबद्दल वाईट बोलत नाही, आणि बोलायचे त्याला कारणही नाही. त्याने किमतीत कंपनीचे जाणे आधीच वजा करून घेतलेले आहे. तिच्याविषयीची सर्वांत समाधानी माणसे या दुसऱ्या रांगेत सापडतात, ही या गाडीची गंमत.

कारखान्याचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने 2020 च्या जानेवारीत तो घ्यायचा करार केला, पण सरकारी परवानगी मिळाली नाही आणि 2022 मध्ये करार मोडला. मग ह्युंदाईने तो घेतला. जानेवारी 2024 मध्ये व्यवहार पूर्ण झाला आणि पुढे तळेगावातून पुन्हा मोटारी बाहेर पडू लागल्या, दुसऱ्या नावाने. तिथे घडलेल्या पहिल्या डिझेल बीट 2011 च्या. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे त्यांची मुदत 2026 मध्ये भरते. पुढे चालवायची तर फेरपासिंग करून घ्यावे लागते आणि त्याचा खर्च येतो. एमएच-14 पाटीची स्वस्त बीट कोणी दाखवत असेल तर अ‍ॅव्हरेज विचारण्याआधी आरसी मागा, आणि तीवरची तारीख वाचल्याशिवाय बयाणा देऊ नका.