थकलेल्या पेशी आणि लसिका ग्रंथींचा कर्करोग

चिखलदऱ्यात मानेला गाठ आली की आपण आधी ती शेकतो, मग लेप लावतो आणि महिनाभराने परतवाड्याचा रस्ता धरतो. आमच्या नात्यातील एका तरुणाचे असेच झाले. सहा महिने क्षयाची औषधे घेऊनही गाठ वाढतच राहिली, तेव्हा तिचा तुकडा तपासला गेला आणि लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, निघाला. पुढे त्याच्यासोबत मुंबईच्या फेऱ्या करताना 'पेशी थकतात' हा शब्दप्रयोग आम्ही प्रथम ऐकला. आम्ही कला शाखेचे पदवीधर, व्यवसायाने बँकेतील कारकून. तरी जे उमगले ते सभासद व विद्यार्थी मित्रांपुढे ठेवीत आहोत.

रक्तातील टी-पेशी ह्या शरीराच्या पहारेकरी होत. बाधित किंवा बिघडलेली पेशी ओळखून तिला मारणे हे त्यांचे काम. सर्दी-पडसे आठवड्यात आटोपते आणि त्या विसावतात. कर्करोग मात्र महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो. सतत त्याच शत्रूला तोंड देता देता त्यांची मारकशक्ती घटते, वाढ मंदावते व अंगावर पीडी-१ नावाचे ब्रेक दाटीने दिसू लागतात. मार्चअखेरच्या क्लोजिंगने आम्हीही थकतो, पण दोन दिवसांच्या रजेने ताजेतवाने होतो. ह्या पेशींना रजा पुरत नाही. त्यांची आतली घडीच बदलते.

पीडी-१ चा शोध १९९२ साली जपानचे तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत लागला. २०१८ चे नोबेल पारितोषिक त्यांना व अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना मिळाले. हा ब्रेक निरुपयोगी नव्हे. तो नसता तर पहारेकरी स्वतःच्याच घरावर उलटले असते. कर्करोग नेमका हाच ब्रेक दाबून धरतो.

हॉजकिन लिम्फोमात तर नवल आहे. गाठीत खऱ्या कर्कपेशी जेमतेम शेकडा एक असतात. बाकी गर्दी बहुतांशी संरक्षक पेशींचीच, पण ती नुसती वेढा घालून बसलेली! ब्रेक सोडविणारे निवोलुमॅब हे औषध इतर उपचार हरलेल्या २३ रुग्णांना दिले, त्यांपैकी २० जणांच्या गाठी आटल्या, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले. दुसऱ्या मोठ्या प्रकारात, बी-पेशींच्या लिम्फोमात, ही युक्ती क्वचितच चालते.

तेथे कार-टी उपचार पुढे आला. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, शत्रूची खूण ओळखणारे जनुक त्यांत घालून, वाढवून परत सोडतात. मुंबईच्या आयआयटीने व टाटा मेमोरियलने मिळून घडविलेल्या 'नेक्सकार-१९' ला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ६४ रुग्णांवरील चाचणीत, ज्यांचा परिणाम मोजता आला त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांना गुण आला. परदेशात तीन-चार कोटींना पडणारा हा उपचार येथे चाळीस लाखांच्या आसपास आला. तरीही एवढी रक्कम आमच्या काउंटरवर किती खात्यांत दिसते, हे आम्हास ठाऊक आहे.

गुण आलेल्यांपैकी काहींचा रोग उलटतो. त्यामागील एक कारण पुन्हा थकवाच. अनेक केमोथेरपींनी पिचलेल्या रुग्णाकडून घेतलेल्या पेशी मुळातच दमलेल्या असतात; ज्यांच्या पेशींत ताज्या, स्मृती राखणाऱ्या पेशी अधिक, त्यांचा निकाल चांगला लागतो. म्हणून उशीर नडतो.

आमच्या तरुणाला सुदैवाने साध्या केमोथेरपीनेच उतार पडला. पुष्कळांना तो तसाच पडतो. मात्र औषध घेऊनही न आटणारी गाठ असेल, तर तुकडा तपासण्याचा आग्रह डॉक्टरांकडे जरूर धरावा. त्या सहा महिन्यांचा हिशेब तो अजून आमच्याकडे मागतो.