द्राक्षमद्यशाळेत वैद्याने काय पाहावे?

नाशिक परिसरातील अनेक द्राक्षमद्यशाळा पर्यटकांना चव घेण्यासाठी खुल्या असतात. गंगापूर धरणाजवळील राजीव सामंत यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली, पुढे तेथे रसास्वादकक्षही झाला. कंधार-लातूरकडील आसवारिष्टे सिद्ध करणाऱ्या वैद्यबंधूंनी व फार्मसीचालकांनी तेथे अवश्य जावे. मात्र पेल्यापेक्षा टाकीकडे अधिक लक्ष द्यावे.

मान अनुक्त असता एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, त्याच्या निम्मा मध व दशमांश प्रक्षेप, हे शार्ङ्गधरोक्त प्रमाण सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडे किण्व धायटीच्या फुलांबरोबर येते, तेथे निवडून घालतात. परंतु खरा भेद उष्णतेचा. पांढऱ्या वाइनची टाकी साधारणतः १२ ते १८ अंश सेल्सिअसवर राखतात. मराठवाड्यात वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमधील पिंप तापते, किण्व निष्प्राण होते, गोडी तशीच उरते आणि हवा लागल्यास आसवाचे शुक्त होते. घट धान्यराशीत वा भूमीत ठेवण्याच्या प्रथेचे मर्म येथे उमगते.

तेथे घनतामापकाने उरलेली साखर नियमित नोंदवितात. आपण पात्राला कान लावतो, पेटती काडी तोंडाशी धरतो. ती विझली तर वायू अद्याप निघतो आहे असे समजतो. या परीक्षा खोट्या नव्हेत. पण नाद थांबला, काडीही जळत राहिली, तरी संधान पूर्ण झाले की मध्येच रखडले, हे त्यांवरून कळत नाही. ते अल्पमोली घनतामापक सांगतो.

चव पाहणारे जाणकार पेला फिरवून आधी गंध घेतात आणि घोट बहुधा थुंकून टाकतात. शुक्ताचा तीक्ष्ण गंध ओळखण्यास एवढी परीक्षा पुरते.