फाटकाबाहेरचा कामगार

कामगारांची सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर यंत्र आणि भोंगा येतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराचे हत्यार मात्र कोयता, आणि त्याच्या कामाच्या जागेला भिंत नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने कारखान्यात पिण्याचे पाणी, संडास, प्रथमोपचार यांची सक्ती केली. ती फाटकापाशी थांबली. बाहेर ऊस तोडणारा मुकादमाचा माणूस ठरला.

माझ्या वर्गातली कित्येक मुले कोपीत वाढलेली आहेत. फडात कोयत्याने पाय कापतो, पाचटात साप निघतो, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना माणूस घसरतो, हे त्यांना शिकवावे लागत नाही. सुरक्षिततेची पहिली पायरी धोका ओळखणे हीच आहे. पण सर्वांत मोठा धोका हिशेबाच्या वहीत दडलेला असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, आणि एक दिवस चुकला की खाडा. म्हणजे ताप, पाळी, बाळंतपण या सगळ्यांवर दंड! २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील सरकारी समितीच्या पाहणीत बीडच्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. सहा जणींमागे एक.

दुसरी पायरी धोका मुळाशी तोडण्याची. खाडा तसाच ठेवून हातमोजे वाटणे ही दया झाली, सुरक्षितता नव्हे. आधी खाडा बंद व्हावा, बाईची नोंद आणि मजुरी तिच्या स्वतःच्या नावे व्हावी, फडाजवळ पाणी व संडास असावा.

तिसरी पायरी कामगाराच्या सहभागाची. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक कारखान्यांत कामगारांसह सुरक्षा समिती आली. तशी समिती प्रत्येक टोळीत का नसावी? तीत निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि मुकादम नसावा. चौथी पायरी नोंदीची: प्रत्येक जखम, प्रत्येक गर्भपात लिहिला जावा, आणि हंगाम संपल्यावर त्याचा जाब कारखान्याला विचारला जावा.

हे अशक्य नाही. १९४२ ते १९४६ मध्ये मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा सुधारून घेतला. जो कायदा जमिनीखाली उतरू शकला, तो उसाच्या फडात का पोचू नये? कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपापल्या गावातल्या टोळ्यांची वही आजच उघडावी.